आई, आण्णा, रविवारी मी येतीय

आई, आण्णा,

फोनवर बोलायला बसलं की ओमचा अभ्यास, त्याचा डबा, बागेवरची ढगाळ हवा यातच वेळ जातो आणि जे बोलायचं असतं ते राहूनच जातं, म्हणून आज व्हॉट्सॲपवर मोठंच्या मोठं टाईप करतीय. आण्णा, चष्मा लावून तुम्हीच आईला वाचून दाखवा, ओम झोपल्यावर. रात्रीचे साडेदहा झालेत, होस्टेलवर बाकीच्या पोरी जर्नल लिहीत बसल्यात, माझं पण निम्मं राहिलंय पण आधी हे लिहिते.

मागच्या पंधरवड्यात आमची बीएस्सी नर्सिंगची कम्युनिटीची पोस्टिंग होती, म्हणजे लोकांच्या घरी जाऊन काम. हॉस्पिटलात नाही, मिरजेच्या पलीकडं एका गावात. प्रत्येकीला घरं वाटून देतात आणि त्यातलं एक घर फॅमिली स्टडीला घ्यायचं असतं. त्या घराची सगळी माहिती लिहायची, घर पत्र्याचं का स्लॅबचं, पाणी कुठलं पितात, कोण काय खातं, कुणाला कसला आजार, औषधाला पैसे कोण देतं, आणि मग त्यातनं त्या घराला नक्की कशाची गरज आहे ते ठरवून केअर प्लॅन करायचा. माझ्या वाट्याला आलेल्या घरात सासू-सासरे, मुलगा-सून आणि दोन नाती. सासूबाई आई तुझ्याच वयाच्या, तुझ्यासारख्याच बारीक, बोलता बोलता हातानं शेंगा फोडायचं काम चालूच. त्यांचं बीपी घेतलं तर १७८/१०४. मला वाटलं माझंच चुकलं, पाच मिनिटं शांत बसवून परत घेतलं, १७४/१०२. विचारलं मावशी गोळी चालू आहे का, तर म्हणाल्या, "हुती की, पण बरं वाटाय लागलं मग कशाला खायाची, संपली ती परत आणलीच न्हाई."

आई, हे दिवाळीत मी तुझ्याच तोंडून ऐकलंय. तू करंज्या लाटत होतीस, मी तळत होते, फडताळात साखरेच्या डब्यामागं बीपीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट दिसलं म्हणून विचारलं तर तू असंच म्हणालीस, आता बरं वाटतंय म्हणून. आणि मी काय केलं, "बरं" म्हणाले आणि परत झारा हातात घेतला. त्या मावशींच्या ओसरीवर मी पाऊण तास बसले, त्यांना समजावलं, त्यांच्या सुनेला समजावलं, आशाताईंना बोलवून घेतलं, दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातनं गोळ्या आणायला लावल्या, त्या फुकट मिळतात, पैशाचा प्रश्नच नाही. हे सगळं परक्या घरात. त्या दिवशी एसटीनं परत येताना खिडकीशी बसून मला रडू आलं. बारा वर्ष नोकरी केली, रोज किती जणांचे बीपी घेतले याची गणतीच नाही, पण तुझ्या दंडाला पट्टा मी एकदाही बांधला नाही. तुझं बीपी तपासायचं सुचलंच नाही कारण तू कधी आजारी पडतच नाहीस असं मी लहानपणापासनं धरून चाललेय.

आता नीट ऐक. बीपीचं काही दुखत नाही आणि तिथंच माणूस फसतो. तुला बरं वाटत होतं ते गोळी चालू होती म्हणून, आजार गेला म्हणून नाही. गोळी सोडली की दाब परत चढतो, आणि चढला तरी बऱ्याचदा काही कळत नाही, आतल्या आत रक्ताच्या नळ्या, हृदय, किडनी, डोळे सगळ्यावर ताण येत राहतो. मेडिसिन वॉर्डला एका बाजूनं अंग गेलेली, तोंड वाकडं झालेली माणसं येतात, त्यांच्या घरच्यांकडून हिस्ट्री घ्यायला बसलं की कितीदा हेच ऐकायला मिळतं, गोळी चालू होती, मध्ये बंद केली. मी ते पेनानं फाईलमध्ये लिहिते. तुझ्या फाईलमध्ये असं कुणी लिहिलेलं मला चालणार नाही.

तू म्हणशील आता वय झालं, किती दिवस राहिलेत. असं बोलत जाऊ नकोस. आम्हाला कम्युनिटीच्या तासाला साथीचे रोग शिकवताना मॅडमनी सावित्रीबाईंचं सांगितलं. त्यांच्या जन्मगावी, नायगावला, आपण गेलो होतो ते आठवतं का, मी सातवीत होते. सावित्रीबाईंची शाळा तेवढी डोक्यात राहते, पण १८९७ च्या प्लेगात मुंढव्याहून एक आजारी पोरगं पाठीवर घेऊन त्या हडपसरजवळ त्यांच्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या, त्यातच त्यांना स्वतःला प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. वय ६६. तुझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठ्या. त्या वयात त्यांनी लेकरू पाठीवर घेतलं, आणि तू ६४ व्या वर्षी माझं लेकरू सांभाळतीयस म्हणून मी इथं वर्गात बसू शकतीय. त्यामुळं वय झालं वगैरे मी ऐकून घेणार नाही.

आण्णा, तुम्ही मला गेल्या वर्षी ॲडमिशनच्या वेळी विचारलं होतं, जीएनएमचा नर्सिंग डिप्लोमा झालाय, नोकरी आहे, आता चौतिसाव्या वर्षी डिग्री कशाला. तेव्हा मी पगाराचं सांगितलं, ते खरंच होतं. जुन्या हॉस्पिटलात माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या पोरी बीएस्सी म्हणून वरच्या पोस्टवर आल्या आणि मी तिथंच, सोडताना अनुभवाचा दाखला द्यायला पण त्यांनी दोन महिने फिरवलं. पण पगार हे निम्मंच कारण होतं, उरलेलं मला स्वतःला इथं आल्यावर कळलं.

आज्जीचं शेवटचं वर्ष आठवा. ती अंथरुणाला खिळली तेव्हा आई रात्री उठून तिला कूस बदलून द्यायची, जुन्या लुगड्याच्या घड्या करून टाचेखाली, कमरेखाली ठेवायची. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. आणि मी, नवीन पास झालेली नर्स, सुट्टीला आले की स्पिरिट आणि पावडर घेऊन आज्जीची पाठ जोरात चोळायचे, माकडहाडावर लाल झालं होतं तिथं तर जास्तच, रक्त फिरावं म्हणून. वॉर्डात तसंच करायचो, सीनियर सिस्टरनी दाखवलं तसं. इथं पहिल्या वर्षाला वाचलं की लाल झालेल्या हाडाच्या जागेवर चोळायचं नसतंच, आतली दबलेली कातडी त्यानं आणखी फाटते, खरं काम कूस बदलण्याचं आणि दाब काढायचं आहे, जे आई करत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. हात बारा वर्ष चालले, पण का चालवायचे ते विचारायची सवयच नव्हती. डिग्रीत ते विचारायला लावतात, पेशंटपुढं उभं करून मॅडम विचारतात, हे का केलंस, आणि "असंच करतात" हे उत्तर चालत नाही.

इंग्लिश अजून जड जातं. पेपर लिहिताना माहिती डोक्यात असते पण वाक्य जुळत नाही. रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स तर पहिल्यांदाच बघतीय. वर्गातल्या पोरी चोवीस-पंचवीसच्या, त्या मला ताई म्हणतात आणि गणित समजावून देतात, मी त्यांना सलाईनची सुई (कॅन्युला) लावताना शीर कशी चाचपायची ते दाखवते. होईल पास. परीक्षा झाली की ट्यूटरसाठी अर्ज करता येईल, पण माझ्या मनात सरकारी आरोग्य उपकेंद्र आहे. तिथं सीएचओ म्हणजे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर म्हणून बीएस्सी नर्सिंगवाल्यांना घेतात, पाचेक हजार लोकसंख्येमागं एक उपकेंद्र असतं, तिथं बसून बीपी, शुगर तपासायची, गोळ्या द्यायच्या, घरोघरी जायचं. आपल्या तालुक्यात मिळालं तर ओमला आणि तुम्हाला सोडून कुठं जायला नको, ह्यांना पण चाकणहून बदली मागायला बरं पडेल. ह्यांच्याशी बोलणं झालंय, ते तयार आहेत.

आण्णा, आता तुमचं. हवा ढगाळ आहे म्हणजे द्राक्षावर डाऊनीची बुरशी येईल या भीतीनं तुम्ही एकाआड एक दिवस फवारा मारत असणार. मारा, बाग हातची जाऊन चालणार नाही हे मलाही कळतं, माझी फी बेदाण्याच्या पैशातनंच भरलीय. पण तुम्ही बनियनवर आणि नाकाला टॉवेल गुंडाळून मारता. कीडनाशक नुसतं पोटातनं जात नाही, कातडीतनं पण आत जातं. कॅज्युअल्टीला असे पेशंट येतात, तोंडातनं लाळ, घाम, उलट्या, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, मग विषावरचं औषध, ॲट्रोपिनवर ॲट्रोपिन, देत बसायचं आणि श्वासाकडं बघत राहायचं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, मास्क, आणि वारं तोंडावर येत असेल तर थांबायचं. तेवढं करा. आणि ते कपडे आई ओमच्या युनिफॉर्मबरोबर एकाच बादलीत भिजवते ते आजपासून बंद. वेगळी बादली ठेवा आणि ती धुताना आईच्या पण हातात मोजे पाहिजेत.

रविवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं येतीय, बीपीचं मशीन बरोबर आणतीय, मैत्रिणीचं आहे, संध्याकाळी परत न्यायचंय. आई, मी येईपर्यंत चहा घेऊ नकोस, अर्धा तास आधी चहा झाला की आकडा खरा येत नाही. सैल बाहीचं पोलकं घाल, त्या घट्ट बाहीवरनं पट्टा नीट बसत नाही. मी आले म्हणून चुलीकडं पळायचं नाही, भिंतीला टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसायचं, ओमला पण तुझ्या शेजारी बसव. दोनदा घेणार आहे. आण्णा, तुमचं पण घेणार, बागेत जाऊन बसू नका.

तुमची,
सुमी

ओमला सांगा, मिरजेतनं खडूचा डबा घेतलाय, रंगीत.