उंडी उभी करणाऱ्या वायरमनदादांना

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. चेहराही अर्धाच पाहिलाय. जून २०२०चे दिवस ते. तुमच्या नाकातोंडावर चौकड्यांचा रुमाल असायचा आणि तो जेवतानाच काय तो सुटायचा, तेही आमच्याकडे पाठ करून. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितोय. तुमच्या टोळीतल्या कुणाच्या नजरेस पडलं तर तो तुमच्यापर्यंत पोचवील.

खूण सांगतो. श्रीवर्धन तालुका, समुद्राकाठचं गाव, जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आणि तिच्या अंगणात आडवं पडलेलं उंडीचं झाड. तुम्ही सात-आठ जण तिसरीच्या वर्गात मुक्कामाला होता. बोलण्यावरून सांगली-मिरजेकडचे वाटलात.

त्या वर्गात तुमच्या आधी मी राहून गेलो होतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मे महिन्यात मुंबईहून गावी आलेल्या आम्हा चाकरमान्यांना कोरोनामुळे चौदा दिवस शाळेतच ठेवलं होतं. आपल्याच गावात, आपल्याच शाळेत, आणि रस्त्यावरून जाणारा माणूस तोंड फिरवून लांबून जातोय. त्याला दोष देत नाही, सगळेच घाबरलेले होते. आई दोन्ही वेळचा डबा आणून उंडीच्या बुंध्याशी ठेवायची, दहा पावलं मागे जाऊन कुंपणापाशी उभी राहायची. मग मी जाऊन डबा उचलायचा. मायलेकरांचं काय बोलणं व्हायचं ते त्या सावलीच्या अल्याड-पल्याडून. मला वाटतं, लहानपणी सबंध चार वर्षांत मी त्या झाडाकडे पाहिलं नसेल तेवढं त्या चौदा दिवसांत पाहिलं.

सुटून घरी आलो आणि आठवड्याच्या आत, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ आलं. दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यातच ते किनाऱ्यावर चढलं. ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा म्हणजे काय ते आकड्यांत कळत नाही. आमच्या रोठा सुपारीच्या बागा दुपारच्या काही तासांत काड्यांच्या पेटीसारख्या सांडल्या. नारळ मुळासकट गेले. घरांची कौलं, पत्रे कुठल्या कुठे. संध्याकाळी वारा पडल्यावर बाहेर आलो तर गाव ओळखू येईना, कारण जिथून कधी समुद्र दिसत नव्हता तिथून तो दिसत होता.

उंडी शाळेच्या गडग्यावर पडली होती. विजेचे दोन खांब आणि तारा घेऊनच पडली.

तुम्ही आल्या दिवशी विचारलं होतंत, "ह्ये कसलं झाड? पान चकचकीत हाय, पर आंबा न्हाई." तेव्हा मी नुसतं नाव सांगितलं. आता सांगतो. उंडी हे समुद्राकाठचं झाड. खारा वारा आणि रेताड जमीन तिला मानवते. संस्कृतात तिला पुन्नाग म्हणतात, पण आमच्याकडे तो शब्द वापरला तर लोक हसतील. पांढरी, वासाची फुलं, मधे पिवळा पुंजका. फळं गोल, हिरवी. वटवाघळं ती रात्री चघळून बिया खाली टाकतात आणि सकाळी प्रार्थनेआधी त्या वेचायला आमची झुंबड उडायची, कारण त्याच आमच्या गोट्या. बियांचं तेल कडू, हिरवट. वीज नव्हती तेव्हा घराघरांत त्याचे दिवे लागायचे, दुखऱ्या गुडघ्यांनाही तेच चोळायचे. वादळानंतर तीन आठवडे गाव अंधारात होतं, मेणबत्त्या संपल्या, मोबाइलचे टॉवर आडवे, तेव्हा आई रोज संध्याकाळी म्हणायची, "आता असतं ना उंडेल घरात!" आणि ते तेल देणारी बाई शाळेसमोर पडलेली.

आता जे सांगायचंय ते जरा अवघड आहे. ती उंडी विकायची असं ज्यांनी ठरवलं त्यांत मी होतो. नुसता होतो असं नाही, पहिला बोललो तो मीच. शाळेचे निम्मे पत्रे उडाले होते, पंचनामा झाला होता पण पैसे कधी येतील याचा पत्ता नव्हता, आणि उंडीचं लाकूड होडीच्या कामाला चालतं म्हणून एक व्यापारी रोख द्यायला तयार होता. पडलेलं झाड, त्याचं आता काय करायचं? झाडाच्या पैशांत पत्रे येतील, पोरांच्या डोक्यावर छप्पर होईल. आजही मला तो हिशेब चुकीचा वाटत नाही. फक्त त्या झाडाखालून चौदा दिवस डबा उचललेला माणूस तो इतक्या पटकन करू शकला, याचं मला अजून नवल वाटतं.

व्यापाऱ्याच्या माणसांनी शेंडा छाटला, दोन मोठ्या फांद्या उतरवल्या. तिसऱ्या फांदीत कटरची चेन खाडकन तुटली. आत लोखंड होतं. आमच्या शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, तो ज्या तारेने टांगला होता ती तार वर्षानुवर्षं झाडाने पोटात घेतली होती. व्यापारी वैतागला. दुसरी चेन आणतो म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी तुमचा पोलांचा ट्रक घाटात अडकला आणि तुम्हा सगळ्यांना काम उरलं नाही. या दोन गोष्टी एकापाठोपाठ झाल्या नसत्या तर हे पत्रही झालं नसतं.

तुम्ही चहा घेत घेत बुंध्याला फेरी मारलीत. कापलेल्या जागी अडकलेली तार बोटाने चाचपून हसलात, "ही तर आमच्याच खात्याची दिसतीया." मग खाली वाकून मुळं पाहिलीत. समुद्राकडची मुळं तुटून वर आली होती, पण शाळेकडची जमिनीतच होती. मी म्हटलं, "गेलं ते झाड, दादा." तुम्ही वरसुद्धा न बघता म्हणालात,

"पडलंय नुसतं. मेलंय कुठं?"

पुढचं सगळं काम तुम्ही खांब उभा करतात तसं केलंत. पोरांना लावून मुळांखालचा खड्डा साफ करून घेतलात. उरल्या फांद्या खांद्यापासून उतरवल्यात. पाला ठेवला तर तुटक्या मुळांना तेवढं पाणी ओढणं जमायचं नाही, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत आणि मला ते तेव्हा पहिल्यांदा कळलं. बुंध्याला गोणपाट गुंडाळलंत, साल सोलू नये म्हणून. त्यावर दोर, दोराला चेनपुली, चेनपुली ट्रॅक्टरला. एक खेच, थांबा. माती लोटा. पुन्हा एक खेच. पाऊस भुरभुरत होता. अर्धं गाव जमलं होतं, एकमेकांपासून लांब लांब उभं राहून, नुसते सल्ले देत. माझ्याही तोंडून दोन सल्ले गेले असतील.

दुपारी चारच्या सुमारास ती उभी राहिली. फांद्या नाहीत, पानं नाहीत, नुसता वाकडा सोट. तुम्ही तिला तीन बाजूंनी तारेचे ताण दिलेत, खांबाला देतात तसेच, आणि कापलेल्या जागांना शेणमाती लावायला लावलीत. आमचे एक आजोबा म्हणाले, "हा तर खांबच झाला, आता तार जोडा." सगळे हसले. तुम्हीही, रुमालाआडून.

व्यापारी दुसरी चेन घेऊन आला तो तसाच परत गेला. त्याच्याकडून आधी उचललेली रक्कम आम्हाला परत करावी लागली. पत्र्यांचे पैसे आम्ही चाकरमान्यांनी मुंबईत वर्गणी काढून जमवले. नोकऱ्या डळमळीत होत्या, त्यामुळे ते दिवाळीपर्यंत लांबलं आणि तोवर शाळेवर ताडपत्री होती. ही झाडाची किंमत तुमच्या कानावर घालायला हवी, नाहीतर गोष्ट फारच गोड होईल. शाळा तेव्हा बंदच होत्या, म्हणून निभावलं.

आमच्या वाडीत वीज आली त्याच रात्री तुम्ही पुढच्या गावाला निघून गेलात. गाव इतकं उजेडाकडे बघत होतं की तुमचा धड निरोपही घेतला नाही. हे आभार तेव्हाचे राहिलेले.

उंडी दोनेक महिने तशीच. मग गणपतीला, ऑगस्टच्या शेवटी, आरतीसाठी फुलं शोधत गेलेली पोरं ओरडत आली. बुंध्यावर, कापलेल्या फांदीच्या जरा खाली, बोटाएवढे कोंब. चकचकीत. आई काठी टेकत बघायला गेली, आणि या वेळी तिला कुंपणापाशी थांबावं लागलं नाही.

तुमच्याच सांगली जिल्ह्यात, भोसे गावात, महामार्ग वळवून जुना वड वाचवल्याची बातमी त्याच पावसाळ्यात वाचली होती. गावाकडच्या लोकांना झाडाचं वेड दिसतं, असं मनात आलं. तो वड पुढे २०२२ साली कोसळला, तेव्हा मी फोन करून आमची उंडी ठीक आहे ना ते विचारलं. आहे. समुद्राकडे जरा कललेली आहे. तुम्ही दिलेले दोन ताण काढले, तिसरा झाडानेच गिळायला सुरुवात केली होती म्हणून वेळेत सोडवला. मागच्या हिवाळ्यात थोडी फुलं आली. सावली अजून एका वर्गाला पुरेल एवढीच पडते, पण आता शाळेचा सगळा पट मिळून एका वर्गाएवढाच आहे, त्यामुळे पुरते.

रुळाचा तुकडा पुन्हा उंडीवर टांगायचा की नाही यावर शाळा समितीत दोन बैठका झाल्या. शेवटी व्हरांड्याच्या वाशाला टांगला. फांदीच्या बुडातली ती तार अजून झाडातच आहे.

आणि एक. तुमची पक्कड राहिली आहे. एका मुठीला लाल चिकटपट्टी, दुसरीची पट्टी निघालेली. नंतर बुंध्याभोवतीची माती सारखी करताना ती सापडली, तोवर तुम्ही गेला होतात. बाईंनी तेल लावून शाळेच्या कपाटात ठेवली आहे, खडूच्या खोक्यामागे. चावी बाजूच्याच घरात असते. कधी या बाजूला आलात तर घेऊन जा. सुट्टीचा दिवस असला तरी चालेल.

आपला,
दहा पावलांवरून डबा उचलणारा,
शाळेचा एक माजी विद्यार्थी