क्यूहून कागद पाठवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धात खुद्द ब्रिटनचं रक्षण करणाऱ्या पायदळाच्या रचनेवर काम करतोय, एवढंच मी तुम्हाला कळवलं होतं. तुम्ही या वयात लंडनच्या थंडीत क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जाऊन बसलात आणि ‘डब्ल्यूओ १६६’ या युद्धखात्याच्या (वॉर ऑफिसच्या) कागदांच्या मालिकेतल्या बटालियनच्या युद्धरोजनिश्यांचे फोटो पाठवलेत, तेही परिशिष्टांसकट. त्या परिशिष्टांचं मोल मला शब्दांत सांगता येणार नाही. मुख्य रोजनिशीत बहुतेक दिवशी एक-दोन ओळी असतात. कुठली कंपनी कुठे, किती माणसं, कोणाकडे कोणता पूल, हे सगळं मागच्या जोडकागदांत असतं.

होम गार्ड आणि होम डिफेन्स बटालियन यांची सरमिसळ होऊ देऊ नकोस, हा तुमचा आग्रह फार मोलाचा. १४ मे १९४० रोजी ब्रिटनचे युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी रेडिओवरून हाक दिली आणि पोटापाण्याचे उद्योग सांभाळून पहारा देणाऱ्या स्वयंसेवकांचं दल उभं राहिलं. तेच पुढे होम गार्ड. होम डिफेन्स बटालियन मात्र लष्कराच्याच, पूर्णवेळ. १९३९ मध्ये त्यांचा गाभा होता वय झालेल्या माजी सैनिकांचा. विमानतळ, रेल्वेपूल, दारूगोळ्याची कोठारं अशा ठिकाणी त्यांच्या तुकड्या विखुरलेल्या. मुख्यालय कंपनी, चार रायफल कंपन्या, प्रत्येकीत तीन प्लाटून, हा नेहमीच्या बटालियनचा साचा त्यांना कसा लागू पडणार?

आणि याच बटालियनमध्ये १९४० साली सक्तीच्या भरतीचं वय न झालेली पोरं स्वेच्छेने आली! पुढे त्यांच्या ‘यंग सोल्जर’ बटालियन वेगळ्या झाल्या, बहुतेक आपापल्या रेजिमेंटमध्ये ७० व्या क्रमांकाच्या. पहिलं महायुद्ध पाहिलेला माणूस आणि मिसरूड फुटणारा मुलगा एकाच रेजिमेंटचा बिल्ला टोपीवर लावून एकाच पुलावर उभे होते. मला या सगळ्या अभ्यासात सर्वांत जास्त भिडलेली गोष्ट हीच, आणि ती तुम्ही पाठवलेल्या पानांमुळे दिसली.

मंजूर संख्याबळ आणि प्रत्यक्ष हजर माणसं वेगवेगळ्या रकान्यांत लिही, ही तुमची सूचना मी तंतोतंत पाळली आहे. तक्ता सोबत जोडलाय. एखादा आकडा खटकला तर निःसंकोच कळवा. काकूंना नमस्कार सांगा.

तुमचा ऋणी,
पुण्याचा एक अभ्यासक