दाढ गप्प झाली म्हणून

अमळनेर,
१४ एप्रिल

प्रिय दिलीप,

वहिनींचा फोन आला होता. रात्र रात्र जागवणारी तुझी खालची दाढ आता गप्प झाली, म्हणून तू रूट कॅनॉल रद्द करून केळीच्या कापणीला लागलास म्हणे. अरे, दुखणाऱ्या दाढेपेक्षा दुखायची थांबलेली दाढ मला जास्त धास्ती लावते.

गार पाण्याची कळ बराच वेळ रेंगाळणं, आडवं झालं की ठणका वाढणं, ही नस सुजल्याची लक्षणं. नस कडक दातात कोंडलेली, सुजली तरी फुगायला जागा नाही. शेवटी ती मरते आणि कळ जाते. कीड मात्र तिथेच. मेलेल्या नसेत रक्त पोचत नाही, त्यामुळे मेडिकलवरून आणलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही तिथवर पोचत नाहीत. जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, पू होतो. गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर कापणी टाकून त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा. आणि ते तंबाखू दाबून धरणं आधी बंद कर.

रूट कॅनॉलला एवढा का भितोस? दाढ बधिर करायची, वरून छिद्र पाडून नस काढायची, बारीक फाइलींनी मुळांतल्या नळ्या घासायच्या, औषधाने धुवायच्या आणि गट्टापर्चा नावाचा रबरासारखा पदार्थ भरायचा. (तोही झाडाचाच चीक, मलेशियाकडचा. शेतकऱ्याला सांगायला हरकत नाही.) खालच्या दाढेला बहुधा दोन मुळं नि तीन नळ्या, कधी चौथीही असते. ती सुटली तर दाढ पुन्हा उठते, म्हणून एक्स-रेला टाळाटाळ नको. दुखतं ते इंजेक्शन टोचण्यापुरतं. ऐन ठणक्यात मात्र बधिरता नीट चढत नाही, म्हणून दाढ शांत आहे तोवरच जा. आखाजीचा सण झाल्यावर बघू, हे नको.

पहिल्या बैठकीत आराम पडला की कितीतरी पेशंट गायब होतात. कपाशी वेचून झाली की उगवतात. तोवर तात्पुरतं सिमेंट झिजून लाळ आत गेलेली असते, मग सगळं पहिल्यापासून.

काढून टाकली तर? काढता येते, त्याने डोळेबिळे जात नाहीत. पण शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात. वाचण्यासारखी दाढ मी तरी काढणार नाही.

शुगरचं डॉक्टरांना आधी सांग. उपाशी जाऊ नको, जेवून, नेहमीची गोळी घेऊन जा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नको.

नंतर दोन-चार दिवस चावताना ठणकेल, त्याचं काही नाही. कॅप मात्र बसवच. पोखरलेली दाढ सुपारीच्या एका खांडाने उभी चिरते, आणि चीर मुळात गेली की काढण्यावाचून इलाज नाही. पैशांची ओढाताण असेल तर धुळ्याला दंत महाविद्यालय आहे, तिथे खर्च कमी येतो. विद्यार्थी करतात, पण सर डोक्यावर उभे असतात. वेळ जास्त लागतो एवढंच.

माझ्याकडेच ये असा हट्ट नाही, रावेरलाही होईल. एक्स-रे काढलास की व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, नळ्या किती दिसतात ते बघतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुरेश