टिंटर्नची फेरी: नकाशा, चिखल आणि उधाण

महोदय,

मुलांकडे ब्रिटनला जाणाऱ्या पालकांसाठी आपल्या पर्यटन पुरवणीत वरचेवर लेख येतात. त्यांत वेल्स आलेच तर कार्डिफचा किल्ला, स्नोडनवर जाणारी आगगाडी आणि टिंटर्नच्या पडक्या मठासमोरचा एखादा फोटो एवढ्यावर भागवले जाते. टिंटर्नला गाडीतून उतरून अर्ध्या तासात परत बसणारी मराठी कुटुंबे पाहून वाईट वाटते. मठाच्या दारातून निघून डोंगर, जंगल आणि दोन गावे करून पुन्हा तिथेच येणारी नऊ-दहा किलोमीटरची फेरी साठीतल्या, रोज फिरायची सवय असलेल्या माणसालाही जमते. मात्र ती नीट माहिती घेऊन करायला हवी.

आधी पायवाटांविषयी. वेल्स आणि इंग्लंडमध्ये सार्वजनिक पायवाटांना कायद्याचे संरक्षण आहे. वाट कोणाच्या शेतातून किंवा आवारातून जात असली तरी तिच्यावरून चालण्याचा हक्क सर्वांना आहे. १९४९ च्या कायद्यानुसार या वाटांची अधिकृत नोंद ठेवली जाते. खांबावरचा पिवळा बाण पायी चालणाऱ्यांसाठी, तर निळा बाण घोडेस्वार आणि सायकलस्वारांसाठीही असतो. ओकच्या फळाचे चिन्ह म्हणजे राष्ट्रीय पदभ्रमण मार्ग. हक्क वाटेपुरताच, आजूबाजूच्या कुरणावर नाही. फाटक ज्या स्थितीत दिसेल त्याच स्थितीत सोडायचे. वासरे असलेल्या गाई दिसल्या तर त्यांच्या मधून न जाता लांबून वळसा घ्यावा. हातात खाणे घेऊन त्यांच्या जवळ जाणे ही आपल्याकडच्या माणसांची नेहमीची चूक आहे.

टिंटर्नला जायला चेपस्टोपर्यंत रेल्वे आहे. तिथून मॉनमथला जाणारी ६९ क्रमांकाची बस आठ-नऊ किलोमीटरवर मठाजवळ सोडते. फेऱ्या मोजक्याच आहेत आणि रविवारी बस मिळेलच असे धरून चालू नये. परतीच्या बसची वेळ निघण्यापूर्वीच लिहून घ्यावी, कारण दरीत मोबाइलला रेंज नसते असे बरेच पट्टे आहेत. याच कारणाने ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर ओएल १४ हा १:२५,००० प्रमाणाचा कागदी नकाशा जवळ हवा. त्यावर सार्वजनिक पायवाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. फोनवरचा नकाशा पुष्कळदा ए४६६ या मोटाररस्त्यावरून चालायला सांगतो. त्या वळणावळणाच्या रस्त्याला काही ठिकाणी पादचाऱ्यांसाठी कडाच नाही.

मठ ११३१ साली सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी वसवला. वेल्समधला हा त्यांचा पहिला मठ. १५३६ मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत तो बंद झाला, छतावरचे शिसे काढून नेले आणि पावसाने पुढचे काम केले. मठापासून वाय नदीच्या उगमाच्या दिशेने थोडे चालले की जुना लोखंडी वायरवर्क्स पूल लागतो. टिंटर्नमध्ये सोळाव्या शतकापासून तारा ओढण्याचा धंदा होता. त्या कारखान्यासाठी एकोणिसाव्या शतकात रेल्वेचा फाटा टाकला, त्याचा हा पूल. नदी इथे सीमारेषा आहे, त्यामुळे पूल ओलांडला की आपण इंग्लंडमध्ये येतो.

पलीकडून डेव्हिल्स पल्पिटची (म्हणजे सैतानाच्या प्रवचनपीठाची) पाटी धरून चढ लागतो. एकूण चढाई दीडशे ते दोनशे मीटर. हरिश्चंद्रगड केलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटतो आणि तिथेच फसगत होते. जमीन चुनखडीची आहे. पावलांनी गुळगुळीत झालेला दगड, त्यावर ओला पाला आणि मधून आडवी गेलेली मुळे, अशा वाटेवर शहरी स्पोर्ट्स शूज घसरतात, तेही चढताना कमी आणि उतरताना जास्त. खोल खाचांच्या तळव्याचे, घोटा झाकणारे बूट घालावेत. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी काठी घ्यावी.

वर ही वाट ऑफाज डाइक पाथला मिळते. ऑफाज डाइक म्हणजे आठव्या शतकातल्या मर्सिया या इंग्लंडमधल्या राज्याचा राजा ऑफा याच्या काळातला मातीचा लांबलचक बांध. त्याच्या सोबतीने जाणारा २८५ किलोमीटरचा मार्ग १९७१ मध्ये खुला झाला. बांधाच्या माथ्यावरून चालू नये, माती ढासळते. इथे उजवीकडे, म्हणजे दक्षिणेला वळल्यावर थोड्या अंतरावर पल्पिट हा चुनखडीचा सुळका येतो. सैतान इथे उभा राहून साधूंना भुलवायला प्रवचन देई, अशी दंतकथा आहे. झाडांच्या खिडकीतून समोर खाली छप्पर नसलेला मठ आणि नदीचे वळण दिसते. पाने फुटण्यापूर्वी, मार्च-एप्रिलमध्ये, हे दृश्य सर्वांत मोकळे असते. कड्याच्या टोकाशी मुलांचा हात सोडू नये.

वाट चुकते ती इथून पुढे. पल्पिट पाहून आल्या पावली मागे यायचे आणि उत्तरेला जात राहायचे. तसेच पुढे दक्षिणेला गेलात तर चेपस्टोकडे जाल. खूण सोपी आहे: उत्तरेला जाताना नदी डाव्या हाताला असते. जंगल संपल्यावर उताराची शेते लागतात. हिवाळ्यात त्यांच्या फाटकांपाशी गुरांच्या खुरांनी घोटाभर चिखल झालेला असतो. ‘स्टाइल’ म्हणजे कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्या. पाऊस पडल्यावर त्यांवर एका वेळी एकानेच चढावे. मे महिन्यात जंगलात रानलसणाचा वास दरवळतो. भाजीसाठी तो खुडायचा मोह टाळावा, कारण त्याच्याच गर्दीत विषारी अॅरमची पाने असतात. गवतातून आल्यावर पायांवर गोचीड नाही ना, हेही पाहावे. तिच्यामुळे लाइम हा आजार होऊ शकतो.

खाली ब्रॉकवेअर हे एके काळचे नदीबंदर लागते. भरतीच्या पाण्यावर सपाट तळाच्या होड्या इथवर येत आणि ब्रिस्टलशी व्यापार चाले. भरती आजही येते. वाय जिला मिळते ती सेव्हर्न नदीची खाडी नरसाळ्यासारखी निमुळती असल्याने चेपस्टोची भरती-ओहोटी जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे, आणि तिचा जोर वायमध्ये ब्रॉकवेअरच्याही वरपर्यंत पोचतो. म्हणून अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत, उधाणाला, वरून पावसाचे पाणीही येत असेल तर काठची सखल वाट पाण्याखाली जाऊ शकते. आपल्या कोकणातल्या वाचकांना तिथीवरून हा अंदाज सहज बांधता येईल. त्यांनी भांगाचे, म्हणजे कमी भरतीचे, दिवस निवडावेत, इतरांनी चेपस्टोचे भरतीचे वेळापत्रक पाहावे.

ब्रॉकवेअरचा १९०६ चा पूल ओलांडून वेल्समध्ये परतायचे आणि डावीकडे खाली नदीकाठच्या वाटेला लागायचे. ती जुन्या टिंटर्न स्थानकाशी येते. १८७६ ची ही रेल्वे प्रवाशांसाठी १९५९ मध्ये बंद झाली. आता तिथे उपाहारगृह आणि स्वच्छतागृह आहे, पण हिवाळ्यात बंद असण्याची शक्यता गृहीत धरावी. पुढे काठाकाठाने सेंट मायकल चर्चवरून गाव आणि मग मठ.

वेळेचा हिशेब असा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांच्या १८९२ च्या नियमाप्रमाणे पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. त्याने उत्तर सव्वादोन तासांच्या आसपास येते. चिखल, फाटके, डबा आणि कुटुंब धरून चार तास ठेवावेत. डिसेंबरमध्ये चारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा अकराच्या आत निघावे. अपघात झाला तर ९९९ वर फोन करून नकाशावरचा संदर्भ क्रमांक सांगावा.

संपादक महोदय, पुरवणीतल्या अशा प्रत्येक लेखाखाली अंतर, चढाई, नकाशाचा क्रमांक आणि परतीच्या बसची सोय एवढ्या चार ओळींची चौकट द्यावी, ही विनंती. फोटो थोडा लहान झाला तरी चालेल.

— एक वाचक, न्यूपोर्ट (वेल्स)