कागदवाल्या ताईंचे जाहीर आभार

ताई,

माल पोचला, पैसे चुकते झाले, पावतीही मिळाली. व्यवहार म्हणून आपलं काही देणं-घेणं उरलेलं नाही. तरी लिहितेय, आणि चारचौघांना दिसेल असं लिहितेय. घाऊक कागद शोधताना भेटलेल्या बाकीच्यांबद्दल मी पुष्कळ बोलून घेतलंय, तेव्हा तुमच्याबद्दल गप्प बसणं बरं नव्हे.

मी हातानं शिवलेल्या वह्या करते. किरकोळीत कागद घेतला की वहीची निम्मी किंमत कागदच खातो, म्हणून घाऊकवाला गाठायचा. म्हणजे फोन लावायचा आणि "किती टन?" हे ऐकून घ्यायचं. मी रिमांत बोलायला लागले की पलीकडचा आवाज थंड. एकानं "भाव पाठवतो" म्हणून फोन ठेवला, तो अजून भाव काढतोय. एका ठिकाणाहून नमुना आला सुरेख क्रीम रंगाचा आणि ऑर्डरचा कागद आला पांढराफटक. विचारलं तर म्हणे, लॉट बदलला. छोट्या गिऱ्हाइकाला नाही म्हणण्याचा मला राग नाही. गठ्ठा फोडा, मोजा, पुन्हा बांधा, त्यात त्यांची मजुरी जाते. सरळ नाही म्हणावं की. फोन केला हाच गुन्हा झाल्यासारखं कशाला बोलायचं?

त्यातून माझा ग्रेनचा प्रश्न. मशीनवर कागद बनताना त्यातले तंतू बहुतांशी एकाच दिशेनं बसतात, तो ग्रेन. वहीत ती दिशा पाठीला समांतर हवी. आडवी आली की जाड कागद घडीवर तडकतो, पानं ताठ उभी राहतात, वही उघडून सपाट बसत नाही. ए४ च्या रिमांत ग्रेन सहसा लांब बाजूनं असतो, त्यामुळे तो दुमडून ए५ वही केली की आडवाच येतो. म्हणून मला मोठे ताव हवे होते, आणि ग्रेन कुठल्या बाजूनं हे पैसे भरण्याआधी कळायला हवं होतं. विचारलं की ठरलेलं उत्तर: "मॅडम, कागद तो कागद, त्यात काय बघायचं?"

तुम्ही "बघून सांगते" म्हणालात. मी फार आशा धरली नाही. मग पाकीट आलं. ८०, १०० आणि १२० जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाच्या कागदाचे) तुकडे, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं काढलेला बारीकसा बाण. ग्रेनची दिशा! एका तुकड्याची कड सुरकुतलेली होती. म्हणजे तिथे तुमची खात्री नव्हती, तर तुम्ही पाण्याचा हात लावलात, कागद कसा वळतो ते पाहिलंत, आणि मगच बाण काढलात. पेन्सिल का, तर पेनाची शाई कशी बसते हे मला त्याच तुकड्यावर बघता यावं म्हणून, असं मी आपलं ठरवून टाकलंय. हाताशी पेन्सिलच असेल, तरी माझं मत बदलणार नाही.

हे करा असं तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ऑर्डर येईल याचीही काही हमी नव्हती, आणि आली तरी महिनाअखेरच्या तुमच्या आकड्यांत ती कुठे दिसणार? दोन मिलिमीटरचा पुठ्ठा इतका थोडा तुमच्याकडे मिळणार नाही म्हणालात, आणि लगेच दुसऱ्या विक्रेत्याचा नंबर दिलात. तुमच्याच धंद्यातल्या! त्याच लॉटच्या आणखी काही रिमा माझ्या नावानं बाजूला ठेवल्यात. अशी माणसं टेबलामागे बसलेली असतात म्हणून आमच्यासारख्यांचे छोटे धंदे उभे राहतात. त्यांच्या मालकांना हे कधी कळतं का, कोण जाणे. तुमच्या मालकांना कळावं म्हणून तरी हे पत्र त्यांना दाखवा.

पुढच्या खेपेला १२० चे ताव लागतील, त्याच शेडमध्ये. लॉट बदलला असेल तर आधी नमुना पाठवा, पण या वेळी त्याचे आणि कुरिअरचे पैसे बिलात लावा. तुमच्याकडून फुकट घ्यायचा आता संकोच वाटतो.

तुमची,
थोड्या रिमांची गिऱ्हाईक