गाडीखाली झोपून तांब्याचा तुकडा धरणाऱ्या काकांना

काका,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत. ज्यांनी गाडीच्या कामात फसवलं त्यांनीही चारचौघांतच छातीठोकपणे सांगितलं होतं, "गंज मुळापासून काढलाय."

काढला नव्हता. दाराखालच्या सिलवर मी स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो मुठीपर्यंत आत गेला. वर काळा रंग, त्याखाली बोटभर जाडीचा लांबीचा (पुट्टीचा) थर, तिच्यामागे जाळी आणि जाळीमागे चुरगळून कोंबलेला कागद. तो कागद पाणी धरून बसला होता आणि पत्रा आतून सडत होता. सिल ही काही शोभेची पट्टी नाही. या गाडीला खाली वेगळा सांगाडा, म्हणजे चासी, नाही, तिचा भार या पत्र्याच्या पेट्याच पेलतात. बाजूने धडक बसली तर ती सिललाही झेलायची असते. त्या दाराशी माझी आई बसते. हे आठवलं की अजून हात थरथरतात. दुसऱ्या कारागिराने तर वाकूनही न बघता सांगितलं, "भंगारात घाला."

तुम्ही वाकलात. गुडघे टेकून, टॉर्च लावून, ठोकून ठोकून सगळा पत्रा ऐकलात आणि म्हणालात, "चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं. मग नवा शिवायचा. शिवायचंस तूच."

पुढच्या कामाचं सगळं सांगत बसत नाही. मला सांगायची आहे ती त्या भोकाची गोष्ट. फ्लोअरच्या कडेला वेल्डिंगने ठिगळ बसवताना तिसऱ्याच टाक्याला पत्रा जळाला. 0.8 मिलिमीटरचा पत्रा, क्षणभर जास्त थांबले आणि बघता बघता भोक पडलं. आता काका वेल्डिंगची गन काढून घेणार, असं मला वाटलं. बरोबरच होतं ते, मी घेतली असती. तुम्ही काही बोलला नाहीत. तांब्याच्या नळीचा एक तुकडा हातोडीने चपटा केलात, हेल्मेट चढवलंत, गाडीखाली सरकलात आणि तो तुकडा खालून भोकाला दाबून धरलात. "मार आता. तांब्याला चिकटत नाही, उष्णता मात्र ओढून घेतं."

भोकाच्या कडेने मला तुमचा चामडी हातमोजा दिसत होता. मी थोडाथोडा टाका मारत गेले, मधे थांबत गेले. ठिणग्या तुमच्या बाहीवर पडत होत्या, कापड करपल्याचा वास येत होता. हात हलला नाही. भोक बुजलं तेव्हा खालून एवढंच आलं, "थंड होऊ दे. हात टेकवता आला की दुसऱ्या टोकाला जा."

मला वेल्डिंग त्या क्षणी आलं. चुकलेल्या माणसाच्या हातातलं काम काढून न घेता त्याखाली आपला हात धरणारे किती जण भेटतात? मला आजवर तुम्ही एकटेच.

आणि जिथे कुणाचीच नजर जाणार नाही तिथे तुम्ही सगळ्यात जास्त वेळ दिलात. सिलच्या पोटात नळी घालून मेण फवारलंत, चिखलाने बुजलेली पाणी निघायची भोकं तारेने एकेक करून मोकळी केलीत. त्या लांबीवाल्यांनी नेमकं उलटं केलं होतं. दिसतं तेवढं गुळगुळीत केलं, आत कागद भरला. कारागिरीत फरक असतो हे मला कळतं, तो मी सोडून दिला असता. इथे फरक दानतीचा होता.

आई परवा म्हणाली, दार लावल्याचा आवाज बदललाय.

तो तांब्याचा तुकडा माझ्याकडेच आहे, परत देणार नाही. दुसऱ्या बाजूची सिल पुढच्या महिन्यात उघडतेय. खाली झोपायला भाऊ तयार झालाय, तुम्ही नुसते शेजारी बसा.

तुमची,
समोरच्या घरातली