टन कसला तेही लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अपघाताची नाहीतर ओव्हरलोडची बातमी आली की त्यात '20 टनी ट्रक', '25 टन क्षमतेचा ट्रक' असं काहीतरी ठोकून दिलेलं असतं, आणि वाचणाऱ्याला कळतच नाही की हे टन कसले, नुसत्या गाडीचे, मालाचे की दोन्ही मिळून. ट्रान्सपोर्ट लाइनमधल्या माणसाला तर हसू येतं, पण आमच्या लाइनीत तरी काय, 'गाडीची पासिंग (म्हणजे मंजूर वजन) किती?' असं विचारलं की जो तो मालाचा आकडा सांगतो आणि आरटीओच्या कागदावर असतो भलताच. म्हणून हे पत्र.

मोटार वाहन कायदा मालगाडीला हलकी, मध्यम की जड ठरवतो ते एका आकड्यावरून, जीव्हीडब्ल्यू. म्हणजे गाडी अधिक माल असं सगळं मिळून जास्तीत जास्त किती वजन रस्त्यावर आणायची परवानगी आहे तो आकडा. आरसीवर असतोच, ट्रकच्या अंगावर पण रंगवलेला असतो, त्याच्याच बाजूला यूएलडब्ल्यू म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. 7,500 किलोपर्यंत हलकी, तिथून 12,000 पर्यंत मध्यम, त्याच्यावर जड. त्या दिवशी हौदात काय भरलं होतं याच्याशी काही देणंघेणं नाही. रिकामा दहाचाकी जात असला तरी तो जडच, आणि चालवायला लायसनही त्याचंच लागणार. गंमत अशी की ट्रॅक्टर आणि रोडरोलरला हाच कायदा रिकाम्या वजनावरून मोजतो, तेव्हा तिथे 7,500 चा अर्थ वेगळा होतो.

नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की एलएमव्ही म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं लायसन असेल तर 7,500 किलोपर्यंतची मालगाडी चालवायला वेगळी नोंद लागत नाही. ते वाचून बऱ्याच जणांचा समज झाला की आता कारच्या लायसनवर कुठलाही ट्रक चालतो. कुठलाही नाही हो! 7,500 हे जीव्हीडब्ल्यू आहे, आणि धोकादायक माल असेल तर तिथे वेगळी अट आहेच.

आता ओव्हरलोडच्या बातम्या. जुलै 2018 मध्ये केंद्राने एक्सलवर, म्हणजे चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर, चालणारं वजन वाढवून दिलं, त्यामुळे सहाचाकी ट्रकचं जीव्हीडब्ल्यू 16.2 टनांवरून 18.5 झालं, दहाचाकीचं 25 वरून 28.5. समजा 28.5 टनाची दहाचाकी वजनकाट्यावर 34.5 दाखवतेय आणि रिकामी गाडी आहे 9.5 टनांची. तर माल झाला 25 टन, परवानगी होती 19 ची, म्हणजे ओव्हरलोड 6 टन. बातमीत मात्र येतं '34 टन माल भरलेला ट्रक', आणि मग मालक म्हणतो मी तर 25 च भरला होता, आणि तो खोटं बोलतोय असंही म्हणता येत नाही, फक्त त्याला जे विचारायला हवं होतं ते कुणी विचारलेलंच नसतं. शिवाय काट्यावर ड्रायव्हर, क्लीनर, ताडपत्री, टाकीतलं डिझेल सगळं मोजलं जातं, 400 लिटर डिझेल म्हटलं तरी सव्वातीनशे किलो होतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. म्हणजे या गाडीला 32,000, आणि जादा माल उतरवायचा खर्च वेगळा. गाडी थांबवून वजन करायलाच नकार दिला तर 40,000.

अजून एक गोष्ट जी बातम्यांत जवळजवळ येतच नाही. एकूण वजन बरोबर असून पण गाडी ओव्हरलोड असू शकते. मागच्या चार टायरच्या एका एक्सलला 11.5 टनांची मर्यादा आहे (2018 च्या आधी 10.2 होती). सळया नाहीतर मशीन मागच्या बाजूला ढकलून ठेवलं तर काट्यावर टोटल 18 टन, म्हणजे मर्यादेच्या आत, आणि मागचा एक्सल मात्र 12 च्या पुढे. रस्ता खराब होतो तो ह्याच्याने. अमेरिकेत इलिनॉयमध्ये 1958 ते 1960 या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवून चाचणी घेतली होती, त्यातून निघालेला ठोकताळा इंजिनिअर अजून वापरतात, की रस्त्याचं नुकसान एक्सलवरच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढतं. म्हणजे एक्सलवर 20 टक्के जास्त टाकलं तर नुकसान जवळपास दुप्पट. कागदावर बघाल तर 20 टक्के काहीच वाटत नाही.

आणि एवढं कमी म्हणून की काय, टोलनाक्यावर मोठ्या गाड्यांना एक्सल मोजून पैसे लावतात, कारखान्याच्या कागदावर एन-1, एन-2, एन-3 असतं (3.5 टनांपर्यंत, 12 टनांपर्यंत आणि त्याच्यावर), आणि 1613 सारख्या टाटाच्या मॉडेल नंबरात पहिले दोन आकडे साधारण जीव्हीडब्ल्यूचे, पुढचे हॉर्सपॉवरचे (13 म्हणजे साधारण 130). एकाच गाडीला चार ठिकाणी चार नावं, मग बातमीदाराचा गोंधळ होतो यात नवल नाही.

तरी एवढं करता येईल. बातमीत तीन आकडे द्या, आरसीवरचं जीव्हीडब्ल्यू, रिकाम्या गाडीचं वजन आणि काटापावतीवरचं वजन. पहिले दोन पोलिसांनी जप्त केलेल्या कागदांतच असतात, तिसऱ्यासाठी पावती मागा. पावतीच नसेल तर 'वजन केलेलं नाही' असं लिहा, उगाच अंदाजाने टन टाकू नका.

आपला,
ट्रान्सपोर्ट लाइनमधला एक वाचक